पेपरचा स्टॉल फोनवर मांडताना

गेल्या पावसाळ्यात गिरगावातल्या आमच्या घरी पेपर टाकणाऱ्या काकांनी काम सोडलं. गुडघे दुखायचे, चाळीचे तीन जिने चढवत नव्हते. त्यांच्या जागी आलेला मुलगा पेपर खालूनच भिरकावायचा, आणि आमच्या जिन्यावरचा पत्रा गळका आहे. आई 76 वर्षांची. सकाळी चहाबरोबर पेपर आणि रविवारी पुरवणीतलं शब्दकोडं, हा तिचा नेम मला आठवतंय तेव्हापासूनचा. सलग चार दिवस ओला लगदा हातात आल्यावर तिने मला मरोळला फोन केला, "अगं, मोबाइलवर पेपर येतात म्हणतात ना, ते मला लावून दे."

ते "लावून देणं" मला दीड महिना पुरलं. कुठलं अ‍ॅप, कुठली आवृत्ती, पैसे कुठे भरायचे आणि कुठे अजिबात भरायचे नाहीत, मराठी अक्षरं नीट दिसतात की नाही, सगळं एकेक करून पाहावं लागलं. या अ‍ॅप्सच्या जाहिराती हजारो मासिकांचे आकडे सांगतात. मराठी वाचकाला हजारो मासिकं नको असतात. त्याला आपला पेपर, आपल्या गावची आवृत्ती आणि आवडीची दोन-तीन मासिकं हवी असतात, आणि ती एका दुकानात मिळत नाहीत. म्हणून सुरुवात अ‍ॅपपासून न करता वाचणाऱ्या माणसापासून करायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी नावांचा घोळ मिटवू

तीन वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट "पेपरचं अ‍ॅप" म्हणतात.

पहिली गोष्ट म्हणजे बातम्यांचं अ‍ॅप. डेलीहंट किंवा गूगल न्यूज हे या जातीतले. डेलीहंट 2009 मध्ये न्यूजहंट या नावाने सुरू झालं, 2015 मध्ये नाव बदललं. इथे सुट्या बातम्या एकाखाली एक येत राहतात. बहुतेक मजकूर फुकट, मराठीही भरपूर. पण इथे पान नसतं. पहिल्या पानावर काय ठेवायचं आणि सातव्या पानावर काय, हे संपादकाने ठरवलेलं नसतं. तुम्ही काल कशावर बोट ठेवलंत त्यावरून ते ठरतं. शेवटच्या पानाशी येऊन "झाला पेपर वाचून" म्हणण्याचं सुख इथे मिळत नाही.

दुसरी गोष्ट ई-पेपर. वृत्तपत्राने स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ठेवलेला छापील पेपर, जसाच्या तसा, पानासह आणि जाहिरातींसह.

तिसरी म्हणजे खरा न्यूजस्टँड. फोर्टच्या फुटपाथवरच्या स्टॉलसारखा, अनेक प्रकाशकांचे अंक एका ठिकाणी. मॅग्झटर 2011 मध्ये सुरू झालं, त्याची मुळं चेन्नईची. प्रेसरीडर कॅनडातल्या व्हँकुव्हरचं, 1999 मध्ये न्यूजपेपर डायरेक्ट या नावाने सुरू झालेलं. आज आपल्याकडे न्यूजस्टँड म्हटलं की प्रामुख्याने ही दोन नावं येतात.

या धंद्याचा थोडा इतिहास माहीत असला तर पैसे जपून खर्च होतात. अ‍ॅपलने 2011 मध्ये आयफोनवर न्यूजस्टँड आणला आणि 2015 मध्ये काढून टाकला. त्यानंतरचं अ‍ॅपल न्यूज भारतात उपलब्ध नाही, त्यामुळे आयफोन असला तरी तो विचार सोडून द्या. गूगलने प्ले न्यूजस्टँड 2013 मध्ये काढला, 2018 मध्ये तो गूगल न्यूजमध्ये विलीन केला आणि जानेवारी 2020 मध्ये मासिकांचे हुबेहूब अंक देणं बंद केलं. अ‍ॅमेझॉननेही किंडलवरची वृत्तपत्रं-मासिकांची वर्गणी 2023 मध्ये गुंडाळली. मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्याकडे तरी हा धंदा सोडून दिलेला आहे. कपाटातला अंक तुमचा असतो, अ‍ॅपमधला अंक हा वाचायचा परवाना असतो, आणि परवाना देणारं दुकान बंद होऊ शकतं. म्हणून तीन वर्षांची वर्गणी एकदम स्वस्तात मिळत असली तरी मी एका वर्षापलीकडे जात नाही.

पहिली पायरी: कागद घ्या आणि यादी करा

फोन बाजूला ठेवा. वाचणारा माणूस सध्या खरोखर काय वाचतो ते लिहा. "काय वाचायला आवडेल" हे लिहू नका, त्यात आपण सगळेच उदार होतो. गेल्या महिन्यात काय उघडलं, तेवढंच.

आईची यादी अशी झाली: सकाळचा एक मराठी पेपर, रविवारची पुरवणी, शब्दकोडं, एक महिलांचं मासिक आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन-चार दिवाळी अंक. मग ती थोडं थांबून म्हणाली, "रत्नागिरीच्या बातम्या मिळतील का गं?" माहेर तिकडचं. मुंबईत छापील पेपर घेणाऱ्याला हे कधीच मिळत नव्हतं; इथे मुंबईची आवृत्ती येते आणि कोकणातल्या बातमीला त्यात दोन ओळी मिळतात.

दुसरी पायरी: यादीतली प्रत्येक गोष्ट कुठे राहते ते शोधा

दैनिकासाठी न्यूजस्टँडवर जायची घाई करू नका. लोकसत्ता, महाराष्ट्र टाइम्स, लोकमत, सकाळ, पुढारी, तरुण भारत या सगळ्यांचे स्वतःचे ई-पेपर आहेत. काही ठिकाणी नुसती नोंदणी पुरते, काही ठिकाणी वर्गणी लागते, आणि हे नियम बदलत राहतात. म्हणून पहिल्या दिवशी ब्राउझरमध्ये थेट त्या पेपरच्या संकेतस्थळावर जा, ई-पेपरचा दुवा शोधा आणि आजचा अंक कुठपर्यंत उघडतो ते पाहा.

तिथे आवृत्तीची यादी दिसेल. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, मग जिल्हे. ई-पेपरचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. या शहरातल्या निम्म्या घरांचं एक पाऊल गावात असतं. तरुण भारतची सिंधुदुर्ग-रत्नागिरीची पानं, पुढारीची सातारा-सांगली-कोल्हापूरची पानं लालबागच्या किंवा कांजूरमार्गच्या घरात बसून त्याच सकाळी वाचता येतात. कुठला रस्ता खचला, भाताची लावणी कुठवर आली, ओळखीच्या गावात कोण गेलं. आईने पहिल्यांदा रत्नागिरीचं पान उघडलं आणि बराच वेळ ती निधनवार्तांच्या रकान्यावर थांबून राहिली. एक नाव तिच्या शाळेतलं होतं.

मासिकांसाठी मग न्यूजस्टँड. मॅग्झटरवर इंग्रजीच्या मानाने मराठी कमी आहे, पण आहे. दिल्ली प्रेसच्या गृहशोभिकेची मराठी आवृत्ती तिथे मिळते. इथे खरेदीचे तीन प्रकार असतात: एक सुटा अंक, एका मासिकाची वर्गणी, किंवा "गोल्ड" नावाची सरसकट वर्गणी, जिच्यात पुष्कळ मासिकं एकत्र वाचता येतात. गोल्डमध्ये सगळीच मासिकं नसतात. म्हणून तुमच्या यादीतल्या मासिकाच्या पानावर जाऊन ते गोल्डमध्ये धरलेलं आहे का, ते वर्गणी भरण्याआधी पाहा. शिवाय शेवटचा अंक कुठल्या महिन्याचा आहे तेही पाहा. काही मासिकांचं पान दिसतं, पण नवा अंक येणं कधीच थांबलेलं असतं.

माझा हिशेब साधा आहे. यादीतली मासिकं एक-दोन असतील तर सुटी वर्गणी. चार-पाच असतील, त्यातही इंग्रजी असतील आणि घरात वाचणारे दोघे-तिघे असतील, तर सरसकट.

प्रेसरीडरचा जोर जगभरातल्या दैनिकांवर आहे. परदेशात मुलं असलेल्या आई-वडिलांना त्या गावचा पेपर पाहायचा असतो, त्यांना हे आवडतं. वैयक्तिक वर्गणी महाग पडते, पण दुसरी वाट आहे. काही हॉटेलं, विमान कंपन्या आणि ग्रंथालयं आपल्या ग्राहकांसाठी प्रेसरीडर घेऊन ठेवतात. अशा ठिकाणच्या वायफायवर अ‍ॅप उघडलं की सगळं खुलं होतं, आणि तिथे असताना उतरवून, म्हणजे डाउनलोड करून घेतलेला अंक बाहेर पडल्यावरही वाचता येतो. ब्रिटिश कौन्सिलच्या डिजिटल ग्रंथालयाच्या सभासदत्वातूनही प्रेसरीडर मिळत आलं आहे; सभासद होणार असाल तर ते अजून त्यात आहे का, हे विचारून घ्या.

दिवाळी अंकांची गोष्ट निराळी. 1909 मध्ये का. र. मित्रांनी मनोरंजन मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा अंक वर्षातून एकदा, हातात धरून निवडायचा असतो. त्यासाठी वर्षाची वर्गणी कशाला? पुण्याच्या बुकगंगाच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर बऱ्याच दिवाळी अंकांची ई-आवृत्ती सुटी मिळते. छापील अंकापेक्षा ती सहसा स्वस्त असते. अनुक्रमणिका आधी पाहता आली तर पाहा आणि मगच घ्या.

आता फुकटचं, आणि हे मी मुद्दाम थांबून सांगते, कारण अ‍ॅपच्या दुकानात याची पाटी कुठे लावलेली नसते. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक त्यांनी इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. घरात दहा वर्षांचं मूल असेल तर आज रात्री उघडा. साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 रोजी सुरू केलेल्या साधना साप्ताहिकाचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. राज्य शासनाचं लोकराज्य मासिक पीडीएफमध्ये मिळतं; स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हे ठाऊक असतंच. आणि टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीने ग्रंथ संजीवनी नावाचं डिजिटल भांडार उभं केलं आहे, त्यात जुनी वृत्तपत्रं आणि दुर्मीळ पुस्तकं आहेत. ज्याला जुन्या मुंबईचं वेड आहे त्याने तिकडे जाण्याआधी संध्याकाळ मोकळी ठेवावी.

तिसरी पायरी: पैसे देण्याआधी एक पान वाचून दाखवा

बहुतेक ठिकाणी नमुन्याची काही पानं फुकट दिसतात. ती पानं त्याच उपकरणावर, त्याच माणसाच्या हातात, त्याच चष्म्याने वाचून पाहा. माझ्या फोनवर मला छान दिसलं, यावरून आईला दिसेल की नाही हे कळत नाही.

वाचायच्या दोन पद्धती असतात. एक, हुबेहूब पान. दुसरी, पानातला लेख वेगळा काढून मोठ्या अक्षरांत दाखवणारी. इंग्रजी मासिकांत दुसरी पद्धत उत्तम चालते. मराठीत मात्र बऱ्याचदा घोटाळा होतो. कारण जुनं आहे. आपल्याकडच्या अनेक छापखान्यांत पानं अजून युनिकोडपूर्व, म्हणजे संगणकाला मराठी म्हणून ओळखता न येणाऱ्या जुन्या फाँटमध्ये लागतात. त्या फाँटमध्ये दिसायला "पाऊस" दिसतं, पण आत संगणकाच्या लेखी ती कसलीतरी रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. छापताना काही बिघडत नाही. अ‍ॅपने तोच मजकूर उपसून मोठ्या अक्षरांत दाखवायचा प्रयत्न केला की वेलांट्या भलत्या जागी जातात, जोडाक्षरं फुटतात, रफार उडतो.

तपासायची युक्ती सोपी आहे. पानावरचा एक शब्द बोट दाबून निवडा, कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा. मराठी आलं तर अंक युनिकोडमध्ये आहे. शोध चालेल, अक्षर मोठं करता येईल, फोन तो मोठ्याने वाचूनही दाखवेल. कचरा आला, किंवा शब्द निवडताच आला नाही, तर त्या अंकात फक्त पान मोठं करून वाचायचं आहे असं समजा आणि त्या हिशेबाने स्क्रीन निवडा.

स्क्रीनबद्दल मी ठाम आहे. मोठ्या पानाचा मराठी पेपर फोनवर वाचणं म्हणजे खिडकीच्या फटीतून मिरवणूक बघणं. बातमीच्या एका रकान्यापुरतं चालतं, रोज अर्धा तास नाही. 10-11 इंचांचा साधा टॅब, उभा धरला की अर्धं पान वाचनीय होतं, आडवा धरला की रकाने सरळ डोळ्याखाली येतात. मासिकाचं पान आकाराने लहान, ते टॅबवर पूर्ण मावतं. महागडा टॅब नको; पाहायचं ते वजन आणि स्क्रीनची चमक, कारण आडवं पडून वाचताना हात दुखतो आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब डोळ्यांत येतं.

ऐकायची सोय हवी असेल आणि अंक जुन्या फाँटमधला असेल, तर गूगल लेन्स उपयोगी पडतं. पानाचा स्क्रीनशॉट घ्या, लेन्समध्ये उघडा, मजकूर निवडा आणि "ऐका" दाबा. एका रकान्याचाच स्क्रीनशॉट घ्या. पूर्ण पान दिलंत तर ते शेजारच्या रकान्यातल्या ओळी एकमेकींत मिसळतं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे आठ दिवस आम्ही असेच काढले.

चौथी पायरी: पैसे

इथे मी पोळले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. एका अ‍ॅपने सात दिवस मोफत दिले. मी कार्ड जोडलं, दोन अंक चाळले, मराठी काही नीट मिळालं नाही म्हणून अ‍ॅप काढून टाकलं आणि विसरले. आठव्या दिवशी वर्षभराची वर्गणी कापली गेली. चूक इतकीच की अ‍ॅप काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं मी धरून चालले. ती थांबत नाही. वर्गणी अ‍ॅपमध्ये नसतेच, ती प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअर, कार्ड किंवा यूपीआयकडे नोंदलेली असते.

त्यामुळे आता माझा क्रम ठरलेला आहे. मोफत मुदत सुरू केली की त्याच मिनिटाला प्ले स्टोअर उघडायचं, वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर बोट ठेवायचं, "पेमेंट्स आणि सदस्यत्वे" मध्ये जायचं आणि ती वर्गणी रद्द करायची. प्ले स्टोअरवरून घेतलेली मोफत मुदत रद्द केली तरी शेवटच्या दिवसापर्यंत सहसा वापरता येते. आवडलं तर पुन्हा घ्यायची. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर, मग सबस्क्रिप्शन्समध्ये जायचं. तिथे मुदत संपायच्या किमान एक दिवस आधी रद्द करा.

प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून यूपीआयने पैसे भरत असाल तर "ऑटोपे" हा शब्द दिसतो का ते पाहा. ही सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने 2020 मध्ये आणली. पिन टाकताना वाटतं की आपण एकदाच पैसे देतो आहोत, पण खाली बारीक अक्षरांत "दर महिन्याला" असतं. चालू ऑटोपेची यादी तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइलखाली मिळते, तिथूनच ते थांबवता येतं.

रिझर्व्ह बँकेचा नियम आपल्या बाजूने आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून, कार्डावरून दर महिन्याला किंवा दर वर्षाला आपोआप पैसे जाणार असतील तर किमान 24 तास आधी बँकेने कळवायचं असतं, आणि त्या संदेशातून नकार देता आला पाहिजे. 2022 पासून 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. वर्गण्या या मर्यादेच्या आतच असतात, म्हणजे ओटीपी येईल आणि मग मला कळेल या भरवशावर राहू नका. तो आधीचा संदेश वाचा. माझ्या वेळी तो आला होता. कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात मी तो पाहिला नाही.

आणखी एक. एकाच वर्गणीची किंमत अ‍ॅपच्या आतून वेगळी आणि संकेतस्थळावरून वेगळी असू शकते. दोन्हीकडे पाहूनच भरा. आणि आई-वडिलांसाठी घेत असाल तर त्यांच्या उपकरणाला तुमचं कार्ड जोडून ठेवू नका. एक वर्षाची वर्गणी एकदाच भरा, ऑटोपे काढा, आणि संपायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा. आमच्याकडे ती 14 तारखेला लाल पेनाने लिहिलेली आहे.

पाचवी पायरी: घरून निघताना उतरवून घ्या

मी मरोळ नाक्याहून हुतात्मा चौकापर्यंत मेट्रो 3 ने जाते. सगळा मार्ग भुयारी. फोनचं नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, आणि अर्धवट उघडलेलं पान तसंच धूसर राहतं. लोकलने जाणाऱ्यांचं नशीब थोडं बरं, पण गर्दीच्या वेळी दादर ते कुर्ला पान उघडायला तिथेही वेळ लागतोच.

उपाय एकच: सकाळी घरच्या वायफायवर अंक उतरवायचा. मॅग्झटर आणि प्रेसरीडर या दोन्हींत अंकावर डाउनलोडची खूण असते. प्रेसरीडरमध्ये नवा अंक आपोआप उतरवून ठेवायची सोयही आहे. सेटिंगमध्ये "फक्त वायफायवर" हे चालू करा, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच संपेल. दैनिकांच्या ई-पेपरमध्ये पीडीएफ उतरवायची परवानगी कुठे असते, कुठे नसते, कुठे ती फक्त वर्गणीदारांना असते.

उतरवून झालं की एकदा विमान मोड लावून अंक उघडून पाहा. काही अ‍ॅप्स पहिली दोन-तीनच पानं ठेवतात आणि पुढची वाचता वाचता आणतात. हे घरीच कळलेलं बरं.

घरी वायफाय नसेल तर स्टेशनवर रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं वायफाय आहे. गूगलच्या साथीने ते जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं. दिवसाला पहिली 30 मिनिटं फुकट, वेग 1 एमबीपीएसपर्यंत. 60 एमबीचं मासिक पूर्ण वेग मिळाला तरी आठ मिनिटं घेतं, म्हणजे गाडीची वाट पाहताना उतरवायला सुरुवात केली तर पुरतं. रंगीत फोटोंची मासिकं 100 एमबीच्याही वर जातात. वाचून झालेला अंक काढत राहा. सरसकट वर्गणीत तो पुन्हा उतरवता येतो, आणि फोन भरला की सगळ्यात आधी नवे अंक उतरणं बंद होतं.

सहावी पायरी: वडीलधाऱ्यांसाठी टॅब लावताना

गिरगावच्या घरी आईच्या शेजारी बसून मी पहिले तीन दिवस फक्त पाहत होते. ती पान उलटायला बोट ठेवायची आणि काहीच व्हायचं नाही. मग ती जास्त जोरात दाबायची, आणि मजकूर निवडला जाऊन निळा पट्टा यायचा, कसलीतरी यादी उघडायची. "मी काय बिघडवलं का गं?" असं विचारून ती हात मागे घ्यायची. वयानुसार बोटांची कातडी कोरडी होते, स्पर्श लगेच कळत नाही, आणि माणूस आपोआप जास्त वेळ दाबून धरतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली "टच अँड होल्ड डिले" नावाची गोष्ट आहे, ती "लाँग" करा. तिचा अर्धा त्रास त्या एका बदलाने गेला. बाकीच्या अर्ध्यासाठी टॅबजवळ ओला रुमाल ठेवला.

घरच्या पडद्यावर फक्त तीन चित्रं ठेवा. ई-पेपरचं वेगळं अ‍ॅप न घेता क्रोममध्ये तो पेपर, ती आवृत्ती उघडायची आणि मेन्यूतून "होम स्क्रीनवर जोडा" करायचं. मग एका स्पर्शात ते पान उघडतं. आईच्या पडद्यावर एक मुंबईचं, एक रत्नागिरीचं आणि एक मासिकाचं चित्र आहे. बाकी सगळं आत ढकललं. पासवर्ड लक्षात ठेवायला लावू नका. लॉगिन एकदा करून ब्राउझरमध्ये साठवा आणि एका वहीत लिहून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी लॉगिन आपोआप निघतं, त्या दिवशी ती वही लागते.

सूचना बंद करा. सगळ्या. बातम्यांची अ‍ॅप्स दिवसभर टुणटुणत राहतात आणि त्यांतल्या निम्म्या मथळ्यांनी म्हातारी माणसं उगीच धास्तावतात. पेपर सकाळी वाचायचा असतो.

शब्दकोड्याचं काय, हा प्रश्न मला शेवटी सुटला. स्क्रीनवर बोटाने अक्षरं लिहून पाहिली, आईला ते जमेना आणि आवडेनाही. ई-पेपरमध्ये कात्रीचं चिन्ह असतं, त्याने पानाचा हवा तेवढा चौकोन कापून चित्र म्हणून ठेवता येतो. रविवारी सकाळी मी मरोळहून कोडं कापते, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, तो ए-फोर कागदावर छापतो, आणि आई भाजी आणायला उतरते तेव्हा घेऊन येते. छापील पेपरातल्यापेक्षा चौकटी मोठ्या येतात.

पूर्ण अंक पुढे पाठवू नका

मार्च 2020 च्या शेवटी मुंबईत छापील पेपर घरी येणं थांबलं तेव्हा पूर्ण पेपरच्या पीडीएफ फाइली व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर फिरू लागल्या. ती सवय अजून आहे. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी दहा पेपर टाकतं. दैनिक जागरणच्या प्रकाशकांनी याविरुद्ध दाद मागितली आणि मे 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनल काढायला सांगितले. कायद्याचं तर आहेच, पण मला दुसरी गोष्ट जास्त लागते. मराठी मासिकं किती थोड्या वर्गणीदारांवर उभी असतात हे आपण पाहतो. सत्यकथेसारखं मासिक 1982 मध्ये बंद पडलं; ते जिथून निघायचं ती खटाववाडी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. एखादी बातमी कुणाला दाखवायची असेल तर तेवढीच कापून तिचा दुवा पाठवा. ई-पेपरमधली कात्री त्याच्याचसाठी आहे.

आवडतं मासिक कुठल्याच न्यूजस्टँडवर नसेल तर त्यांच्या कार्यालयात फोन करा. छोट्या मासिकांची माणसं स्वतः फोन उचलतात, आणि छापील वर्गणीदाराला पीडीएफ ईमेलने पाठवायलाही बरेचदा तयार असतात. दादर पूर्वेला 1898 मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. कुठलं मासिक अजून निघतं, कुठलं थांबलं, हे तिथल्या नियतकालिकांच्या टेबलावर पाच मिनिटांत कळतं.

आमच्याकडे छापील पेपर पूर्ण बंद झालेला नाही. सोमवार ते शनिवार टॅब, रविवारी कागद, असं आईने स्वतःच ठरवलं; कोडं मात्र झेरॉक्सवाल्याकडचं, मोठ्या चौकटींचंच. जिन्यात दोरीला पिशवी बांधली आहे, नवा मुलगा त्यात पेपर टाकतो. रत्नागिरीचं पान मात्र ती रविवारीही टॅबवरच उघडते, आणि साडेआठला तिचा फोन येतो, तिकडे किती पाऊस झाला ते सांगायला.